रिकामे पाच खण

२०१८ सालची दिवाळी आटोपून यंत्रमाग पुन्हा सुरू झाले त्या आठवड्यात, सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या मालकांचा मला फोन आला. "अहो, फ्रान्सचं गिऱ्हाईक म्हणतंय, तुमच्या पानावर काय लिहिलंय तेच कळत नाही. तुम्ही मागच्या आठवड्यात सगळं नवीन जागी हलवलंत, त्यात काही गडबड झाली का बघा की," असे ते म्हणाले. गडबड झाली होती हे खरे. पण ती त्या दिवशी होती तेवढीच राहू दिली असती तर दहा मिनिटांत मिटली असती. पुढच्या दोन दिवसांत मी ती स्वतःच्या हाताने वाढवली आणि मग निस्तरायला मला संक्रांत तोंडावर येईपर्यंतचा वेळ लागला.

माझे काम मूळचे डीटीपीचे. नवी पेठेत लग्नपत्रिका, हँडबिले आणि चादरींची लेबले करता करता गिऱ्हाइकांनीच मला संकेतस्थळांच्या कामात ओढले. या कारखान्याचे संकेतस्थळ साठेक पानांचे होते. बहुतेक मजकूर इंग्रजीत होता, युरोपातील खरेदीदारांसाठी फ्रेंच आणि जर्मन पाने होती, कारखान्याची ओळख आणि कामगारांसाठीच्या सूचना मराठीत होत्या, आणि त्यांतल्या काही सूचना तेलुगूतही होत्या, कारण शिलाई आणि पॅकिंग विभागांतील बऱ्याच महिला शहराच्या पूर्व भागातून येतात आणि त्यांच्या घरात तेलुगू बोलली जाते. सोलापुरात हे नवलाचे नाही. मालक जानेवारीत फ्रँकफुर्टच्या हाइमटेक्सटील प्रदर्शनाला जाणार होते आणि तोपर्यंत जर्मन पाने नीट झालीच पाहिजेत, एवढी एकच तारीख त्यांनी मला दिली.

पान उघडून पाहिले तेव्हा फ्रेंच मजकुरात जिथे जिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला ई हवा होता तिथे तिथे दोन चिन्हे उभी होती: डोक्यावर नागमोडी रेघ असलेला मोठा ए आणि त्याच्यामागे कॉपीराइटचे चिन्ह. विंचरलेल्या सुताला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याच्या शेवटी हाच ई येतो, त्यामुळे आमच्या प्रत्येक टॉवेलाच्या सुतावर कुणीतरी हक्क सांगितल्यासारखे दिसत होते. जर्मनमध्ये टॉवेलांना जो शब्द आहे त्यातील दोन टिंबांच्या यूच्या जागी नागमोडी ए आणि पाव या अपूर्णांकाचे चिन्ह आले होते. धुण्याच्या तापमानात ६० आणि अंशाचे चिन्ह यांच्यामध्ये छपरासारखी खूण घेतलेला आणखी एक ए घुसला होता. मराठी पाने तर ओळखू येत नव्हती. मराठी हाच शब्द घ्यायचा तर त्यात नोंदणीकृत मुद्रेचे चिन्ह, अंशाचे चिन्ह, पाऊण, एक मोकळी जागा आणि शेवटी युरोचे चिन्ह, आणि या प्रत्येकाच्या आधी रेघवाला लहान ए व त्याच्या मागे चार वेळा चार शिंगे फुटलेले वर्तुळ आणि एकदा जपानी येन, असा तो प्रकार होता.

मी काय केले ते सांगायला आजही संकोच वाटतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये फाइल उघडून तिथल्या तिथे दुरुस्त करण्याची जी सोय असते, तीत मी फ्रेंचचे पहिले पान उघडले. तिथेही नागमोडी ए आणि कॉपीराइट दिसले, म्हणून फाइलच बिघडली आहे असे मी धरून चाललो. शोधा-आणि-बदला वापरून चिन्हांच्या प्रत्येक जोडीच्या जागी खरे अक्षर घातले, सेव्ह केले, आणि ब्राउझरमध्ये पान ताजे करून पाहिले, तर ते जसेच्या तसे बिघडलेले. सेव्ह झाले नसेल असे वाटून फाइल पुन्हा उघडली, तर तिथेही त्याच जोड्या परत आलेल्या होत्या. मी पुन्हा बदलल्या. अशी तीन फ्रेंच आणि दोन जर्मन पाने दोन-दोन, तीन-तीन वेळा झाली. दोन तासांच्या या मेहनतीत बहुतेक अक्षरांच्या बाबतीत फाइलमध्ये मुळात होते तेच बाइट, म्हणजे अक्षरांसाठी संगणक साठवतो ते आकडे, मी पुन्हा पुन्हा लिहीत होतो, हे मला फार उशिरा कळले. जी अक्षरे शोधून बदलायची राहिली होती, त्यांच्यावर मात्र प्रत्येक सेव्हला गोंधळाचा आणखी एक थर चढत होता. त्यात फ्रेंचमधला रेघवाला लहान ए होता, जो '६० अंशांवर धुता येते' अशा वाक्यात हमखास येतो. तो बिघडला की त्याचे दुसरे चिन्ह डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून माझ्या शोधात तो कधी सापडला नाही.

याहून मोठी चूक त्याच संध्याकाळी झाली. मालकांनी सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीची तारीख सूचनेत आधीच घालून ठेवायला सांगितले होते. तारखेचे आकडे साधे रोमन होते आणि त्या गोंधळातही वाचता येत होते, म्हणून मी मराठीची चार आणि तेलुगूची दोन पाने त्याच पॅनेलमध्ये उघडली, फक्त आकडे बदलले आणि सेव्ह केली. बाकीच्या मजकुराला आपण हात लावला नाही असे मी समजत होतो. प्रत्यक्षात त्यातील एकही अक्षर जागेवर राहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी माझा पुतण्या सुट्टीला आला होता. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने फायरफॉक्सच्या व्ह्यू मेनूत जाऊन टेक्स्ट एन्कोडिंगमधून युनिकोड निवडले, आणि ज्या मराठी पानाला मी हात लावला नव्हता ते समोर लख्ख उभे राहिले. "काका, फाइल ठीक आहे. फक्त वाचणारा चुकीचा वाचतोय," तो म्हणाला. मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये सर्व्हरकडून आलेले हेडर, म्हणजे पानासोबत येणारी माहितीची चिठ्ठी, त्याने दाखवले. आमच्या प्रत्येक पानाच्या डोक्याशी मेटा टॅगमध्ये, म्हणजे ब्राउझरसाठीच्या सूचनेत, मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीचा आहे असे लिहिलेले होते, पण नवा सर्व्हर पान पाठवताना सोबत 'हे आयएसओ ८८५९-१ आहे', म्हणजे युरोपच्या जुन्या पद्धतीतले आहे, असे स्वतःचे सांगत होता, आणि हेडर व मेटा टॅग यांच्यात मतभेद झाला की ब्राउझर हेडरचे ऐकतो. जुना सर्व्हर याबाबत काहीच बोलत नव्हता, म्हणून इतकी वर्षे सगळे सुरळीत चालले होते.

आमचे वडील लेटरप्रेसच्या काळातले जुळारी, म्हणजे खणाखणांच्या पेटीतून, 'केस'मधून, अक्षरांचे खिळे वेचून मजकूर जुळवणारे. त्यांना मी रात्री जेवताना हे सांगत होतो तेव्हा त्यांनी ते एका वाक्यात समजून घेतले: "म्हणजे खिळे बरोबर आहेत, केस दुसरीच पुढ्यात ठेवली." मला आजवर इतके नेमके वर्णन दुसऱ्या कुणी सांगितलेले नाही. फाइलमध्ये अक्षर नसतेच. असतो तो खणाचा क्रमांक. यूटीएफ-८ या पद्धतीत, जी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका खाणावळीत कागदी मॅटवर पहिल्यांदा मांडली, साधी इंग्रजी अक्षरे एका बाइटात मावतात, फ्रेंच-जर्मनची रेघा-टिंबांची अक्षरे दोन बाइट घेतात आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग तो म असो की नुसती वेलांटी, तीन बाइट घेते. युरोपची जुनी पद्धत मात्र प्रत्येक बाइटाला एक स्वतंत्र अक्षर मानते. त्यामुळे ती केस पुढ्यात ठेवली की फ्रेंचच्या एका अक्षराची दोन चिन्हे होतात आणि मराठीच्या एका अक्षराची तीन. देवनागरीच्या तीन बाइटांतला पहिला (बाइटाचा क्रमांक ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांनी लिहितात) नेहमी ई० असतो आणि दुसरा ए४ किंवा ए५, म्हणून मराठीच्या कचऱ्यात रेघवाला ए आणि वर्तुळ किंवा येन यांची इतकी गर्दी दिसते.

पुतण्याने सर्व्हरवरील डॉट-एचटीॲक्सेस या फाइलमध्ये, मूळ कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आहे असे सांगणारी एक ओळ घातली. फोन आला त्या दिवशी करायचे काम एवढेच होते. साठांपैकी जवळजवळ पन्नास पाने त्या क्षणी नीट दिसू लागली. बरोब्बर अकरा पाने तशीच राहिली, आणि ती अकराही मी हात लावलेली होती.

जुन्या प्रतीवरून ती परत आणता आली असती. पण जुन्या होस्टिंगचे खाते महिनाअखेरीस बंद झाले होते, माझ्या संगणकावरची प्रत दोन वर्षांपूर्वीची होती, आणि मधल्या काळातल्या सगळ्या दुरुस्त्या मी थेट सर्व्हरवरच करत आलो होतो. डीटीपीच्या काळात प्रत्येक कामाची सीडी काढून ठेवणाऱ्या माणसाने हे करावे, याचे मला स्वतःलाच आश्चर्य वाटते. कारखान्याच्या ओळखीचा मजकूर जुन्या माहितीपत्रकात होता म्हणून त्या सीड्याही मी काढून पाहिल्या. त्यातला मराठी मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये होता. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट काढून घेतला की खाली रेघा-टिंबांची रोमन अक्षरेच उरतात. दिसायला तोही आमच्या गोंधळासारखाच दिसतो, पण दोन्ही रोग वेगळे आहेत. तिथे बाइटांचे वाचन बरोबर असते आणि मजकूरच मुळात देवनागरी नसतो. त्याला त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. शिवाय ते माहितीपत्रक जुने होते आणि पानांवरचा मजकूर त्यानंतर पुष्कळ बदलला होता. त्यामुळे तो मार्ग तिथेच संपला.

तेव्हा हातात राहिली ती बिघडलेली अकरा पाने. आता ती फेकून नव्याने टाइप करण्यापेक्षा उलटे चालत जाता येईल का, हे आम्ही पाहू लागलो. पॅनेलने यूटीएफ-८ चे बाइट युरोपच्या पद्धतीने वाचले आणि त्यातून जी चिन्हे निघाली ती पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिली, म्हणून मराठी फाइलचा आकार जवळजवळ दुप्पट झाला होता. याचा अर्थ, चिन्हांना परत त्यांच्या युरोपीय खणांचे क्रमांक द्यायचे आणि ते क्रमांक यूटीएफ-८ म्हणून वाचायचे, की मूळ मजकूर परत यायला हवा. पायथन या संगणकभाषेत हे दोन ओळींचे काम आहे. पुतण्याने ते आधी सोलापूर या शब्दावर करून पाहिले आणि सोलापूर सुखरूप परत आले. मग सूचनेच्या पहिल्या ओळीवर केले, तेव्हा सिद्धेश्वरातील दोन्ही जोडाक्षरे फुटलेली निघाली, आणि सुट्टी या शब्दात तर दोन ठिकाणी प्रश्नचिन्हे होती.

इथे मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट समजली. ब्राउझर आणि बहुतेक प्रोग्राम आयएसओ ८८५९-१ असे म्हटले तरी प्रत्यक्षात विंडोज-१२५२ ही तिची विस्तारलेली आवृत्ती वापरतात. मूळ पद्धतीत ८० ते ९एफ या ३२ जागा छापायच्या अक्षरांसाठी नव्हत्या. विंडोजने त्यांतल्या २७ मध्ये युरो, अवतरणचिन्हे, टिंबांची रांग अशी चिन्हे भरली आणि ५ खण रिकामे ठेवले: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. ब्राउझर हे पाच बाइट गुपचूप जपून ठेवतो, पण आमच्या पॅनेलच्या संपादकाला रिकाम्या खणात काही सापडले नाही, म्हणून त्याने तिथे प्रश्नचिन्ह ठेवले. आता देवनागरीत या पाच जागांवर कोण राहते? ए५ च्या मागे ८१ आला की तो पहिला उकार, आणि ८डी आला की हलन्त, म्हणजे पाय मोडण्याची खूण. ए४ च्या मागे त्याच जागांवर चंद्रबिंदू, ऍ, ए, ऐ आणि झ. मराठीतून जोडाक्षरे आणि ऱ्हस्व उकार काढून घ्यायचे कुणी ठरवून केले असते तरी इतके नेमके जमले नसते. सोलापूर या शब्दात यातले काहीच नाही, म्हणून ते वाचले. हुतात्मा या शब्दात दोन्ही आहेत. आम्ही पूर्वी कर्मचाऱ्यांसाठी हा शब्द लिहिताना र ला य जोडायला मध्ये जो अदृश्य सांधा टाइप करत असू, त्याचाही शेवटचा बाइट ८डीच असतो, त्यामुळे त्या शब्दात तीन भोके पडली होती.

ठ चे दुखणे निराळे होते. त्याचा तिसरा बाइट ए०, आणि युरोपच्या पद्धतीत ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. खण रिकामा नाही, पण त्यात दिसण्यासारखेही काही नाही. पॅनेलच्या संपादकाने सेव्ह करताना अशा सगळ्या जागांच्या साध्या मोकळ्या जागा करून टाकल्या होत्या. फ्रेंचमधल्या त्या रेघवाल्या ए चेही हेच झाले होते, कारण त्याचाही दुसरा बाइट ए० च. हे मात्र यंत्राने सुटण्यासारखे होते: ई० आणि ए४ यांच्या मागे साधी मोकळी जागा कधीही कायदेशीरपणे येऊ शकत नाही, म्हणजे ती दिसली की तिथे ठ होता हे नक्की. एका ओळीच्या बदलाने मराठी, साठी, पाठवणे, पेठ असे सगळे शब्द परत आले. ए४ च्या मागची प्रश्नचिन्हेही फारशी कठीण गेली नाहीत. पुढे काना येत असेल तर तिथे झ, पुढे क असून शब्द तिथेच संपत असेल तर बहुतेक एक, ब आणि क यांच्यामध्ये असेल तर बँक.

ए५ च्या मागची प्रश्नचिन्हे खरी अडचणीची होती. तिथे उकार होता की हलन्त, हे त्या बाइटांवरून सांगता येत नाही. ती माहिती कायमची गेली होती. चार पानांत मिळून अशी बाराशेच्या आसपास भोके होती. पुतण्याने एक युक्ती केली. जी मराठी पाने शाबूत होती त्यांतले सगळे शब्द त्याने यादीत घेतले, त्यांतल्या उकार-हलन्तांच्या जागीही मुद्दाम भोके पाडली, आणि भोक पडलेल्या शब्दाशी जुळणारा एकच मूळ शब्द असेल तर तो बसवून टाकला. त्याने तीन-चतुर्थांश काम झाले. उरलेली पाने छापून त्याने माझ्यापुढे ठेवली आणि मी ती बाबांपुढे ठेवली.

बाबा ऐंशीच्या घरात होते, पण लाल पेन हातात आल्यावर त्यांच्या बसण्यातच फरक पडला. मी वाचायचो आणि ते खुणा करायचे. मराठी माणसाला यातले शंभरांतले पंच्याण्णव शब्द विचारसुद्धा करावा न लागता भरता येतात. म आणि ख यांच्या मागे भोके असून शेवटी य असेल तर तो मुख्यच, दुसरे काही होऊच शकत नाही. मी वेग वाढवू लागलो तसे त्यांनी मला थांबवले. एका वाक्यात 'ग्राहकांप' नंतर भोक होते आणि मग 'रती आमची जबाबदारी' असे शब्द होते. मी ग्राहकांप्रती असे वाचून पुढे गेलो होतो. "ग्राहकांपुरती का नाही?" त्यांनी विचारले. बाइटांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. पण पहिल्या वाचनात कारखाना ग्राहकांशी बांधील आहे आणि दुसऱ्यात तो ग्राहकांपलीकडे कुणालाच बांधील नाही. पुढच्या वाक्यात कामगारांचा भविष्य निर्वाह निधी आणि दवाखान्याची सोय यांचा उल्लेख होता, त्यामुळे 'आमची जबाबदारी ग्राहकांपुरती मर्यादित नाही' असे काही मूळ वाक्य असण्याचीही शक्यता होती. पण वाक्यात नकार कुठे दिसत नव्हता. शेवटी मालकांना फोन करून विचारले. त्यांनी स्वतः लिहिलेले वाक्य त्यांना आठवत नव्हते. "जे चांगलं दिसेल ते घाला," ते म्हणाले. बाबांना हे मुळीच पटले नाही. मजकूर ज्याचा त्याचा असतो, जुळाऱ्याने आपले वाक्य घालायचे नसते, असे त्यांचे म्हणणे. आम्ही 'ग्राहकांप्रती' हेच ठेवले आणि समासात खूण करून तारीख घातली.

या सगळ्यात ज्याची मला सर्वांत जास्त धास्ती होती तो मालाचा तक्ता मात्र निर्दोष निघाला. रंग, जीएसएम (कापडाचे वजन), डझनाचे दर आणि प्रत्येक मालाची तीन भाषांतली नावे मायएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये होती आणि तिथला अक्षरसंच लॅटिन-१, म्हणजे तीच युरोपची पद्धत, असा होता. मायएसक्यूएल मूळची स्वीडनमधली, त्यामुळे तिच्या जुन्या आवृत्त्यांत काही न सांगता तक्ता केला तर लॅटिन-१ आणि स्वीडिश वर्णक्रम मिळत असे. २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीत ते बदलले. तिथे मराठीची पार दाणादाण उडाली असेल असे मी धरून चाललो होतो. पण मायएसक्यूएलचे लॅटिन-१ म्हणजे विंडोज-१२५२ च असले, तरी त्यात ते पाच रिकामे खण रिकामे नाहीत; तिथे आलेला बाइट तसाच ठेवला जातो आणि तसाच परत मिळतो. उलटे वाचन केल्यावर त्यातला एकही हलन्त हरवलेला नव्हता.

जर्मन पाने डिसेंबरच्या मध्यापर्यंत नीट झाली. त्यांत भोके नव्हतीच, फक्त थर होते, आणि ते एकेक करून उतरवले. थर किती चढले आहेत हे आम्ही तापमानाच्या अंशचिन्हावरून मोजत असू, कारण ते प्रत्येक पानावर हमखास असते आणि त्याच्या आधी जमलेल्या फालतू चिन्हांची रांग पाहिली की पान किती वेळा चुकीचे सेव्ह झाले ते कळते. फ्रेंचचे एक पान तीन थरांखाली होते. तेवढ्यात मी आणखी एक घोळ घातला: दुरुस्त केलेल्या एका पानाचा मजकूर नोटपॅडच्या नव्या फाइलमध्ये चिकटवून सवयीने सेव्ह केला. त्या वेळी नव्या फाइलसाठी नोटपॅडची मूळ निवड आन्सी, म्हणजे तीच युरोपची पद्धत, असे, आणि तिने इशारा दिला असतानाही मी पुढे ढकलले, तेव्हा पानावरच्या दोन ओळी मराठीच्या सलग प्रश्नचिन्हांत गेल्या. त्यांत उलटे चालण्यासारखे काहीच उरत नाही. पण आता माझ्याकडे प्रत होती.

राहिली तेलुगूची दोन पाने. मला तेलुगू समजते, बाजारात चालेल एवढे बोलताही येते, पण वाचता येत नाही. तरीही त्या पानांतील कोणत्या भोकात काय असू शकेल हे मला आधीच माहीत होते, आणि त्याचे कारण भाषेत नव्हे तर मांडणीत आहे. भारतीय मानक संस्थेची इस्की ही पद्धत तयार झाली तेव्हा बहुतेक भारतीय लिप्यांची अक्षरे एकाच क्रमाने एकाच जागी ठेवली गेली होती, आणि युनिकोडने तोच क्रम उचलला. त्यामुळे देवनागरीत जिथे उकार आहे तिथेच तेलुगूतही उकार आणि कन्नडातही उकार. जिथे हलन्त तिथे हलन्त. बदलतो तो फक्त मधला बाइट. बिघडलेल्या पानावर नजर टाकूनही भाषा ओळखता येते: रेघवाल्या ए च्या मागे वर्तुळ किंवा येन असेल तर देवनागरी, अंशाचे किंवा अधिक-उण्याचे चिन्ह असेल तर तेलुगू, वर चढवलेला २ किंवा ३ असेल तर कन्नड. तेलुगूतही जे गेले होते ते हेच: उकार आणि हलन्त. फरक एवढाच, की तेलुगूत शब्दच्या शब्द उकारावर संपतात, त्यामुळे भोके मराठीपेक्षा पुष्कळ जास्त होती, आणि तुलनेला शाबूत असलेले तेलुगूचे एकही पान नव्हते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मालक फ्रँकफुर्टला निघाले आणि मी छापील पाने घेऊन कारखान्यात गेलो. शिलाई विभागातल्या एका ज्येष्ठ महिलेला सगळे अक्का म्हणतात. त्या तेलुगू माध्यमात शिकलेल्या होत्या. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याशेजारी बसल्या. मी त्यांना म्हटले, "अक्का, जिथं प्रश्नचिन्ह आहे तिथं तुमच्या तोंडून काय येतं तेवढं मोठ्यानं म्हणा. उ येतो की अक्षर पुढच्याला चिकटतं, एवढंच मला हवंय." त्यांना हा प्रकार पहिल्यांदा गमतीचा वाटला. पहिलाच शब्द टॉवेलाचा होता, तुव्वालु, आणि त्या एका शब्दात तीन भोके होती. त्यांनी तो सावकाश म्हटला आणि मी लिपी न वाचता कानावरून लिहिले: उकार, हलन्त, उकार. आसपासच्या बायका डबे घेऊन जवळ येऊन बसल्या, आणि थोड्या वेळाने अक्का अडल्या की त्याच आधी म्हणू लागल्या. एका जागी दोघींचे जमेना. एकीच्या मते शब्द तिथेच संपत होता आणि दुसरीच्या मते तो पुढच्याला जोडलेला होता. अक्कांनी पूर्ण वाक्य दोन वेळा म्हणून पाहिले, सूचना कशाची आहे ते मला विचारले, आणि यात्रेच्या सुट्टीच्या बदल्यात कोणत्या रविवारी कामावर यायचे त्याची ती सूचना आहे असे कळल्यावर, "मग हलन्तच," असे म्हणून पान माझ्याकडे सरकवले.

मी त्याच संध्याकाळी दोन्ही पाने चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी त्यांच्या मुलीच्या मोबाइलवर ती वाचून पाहिली आणि निरोप पाठवला की अक्षरे सगळी बरोबर आहेत, मात्र सूचनेतला रविवार चुकीचा आहे. कॅलेंडर काढून पाहिले, तर दिवाळीनंतर मी पॅनेलमध्ये जे आकडे बदलले होते, ते बदलतानाच चुकवले होते.